६१ हिरवे चौकोन

दिवस पहिला, गुरुवार : जिनिव्हा

हा प्रवास घडला तो अर्ध्या पानाच्या एका कागदामुळे. आमच्या कंपनीच्या एका प्लांटमध्ये पॅकिंग लाइनवर गोणी अडकली. फिटरने रीतसर मेन स्विच ऑफ केला, स्वतःचं कुलूप घातलं, टॅग लावला, स्टार्टचं बटण दाबून खात्री केली. मशिन ढिम्म. मग आत हात घालून त्याने गोणी ओढली. गोणी सुटली आणि हवेच्या दाबावर चालणारा, गोण्या ढकलणारा पुशर खाडकन पुढे आला. वीज गेली होती, सिलिंडरमधली हवा तशीच होती. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

त्यावर आमच्या सुरक्षा खात्याचा अर्ध्या पानाचा ‘सेफ्टी अलर्ट’ निघाला, माझ्याच सहीने. विजेबरोबर कोंडलेली हवाही सोडा. प्रत्येक लाइनवर कुलूप घालता येईल असा एअर डम्प व्हॉल्व्ह (कोंडलेली हवा बाहेर सोडणारा) आहे का पाहा, नसेल तर बसवा. कंपनीचे ६१ प्लांट. अकराव्या दिवशी डॅशबोर्डवरचे ६१ चौकोन हिरवे झाले, म्हणजे सगळीकडे काम पूर्ण, आणि मला अभिनंदनाचा मेल आला.

आता, व्हॉल्व्हची खरेदी मंजूर व्हायलाच आमच्याकडे तीन आठवडे लागतात. अकरा दिवसांत ६१ ठिकाणी तो बसलाच कसा? नऊ दिवसांचा दौरा मागून घेतला. तीन प्लांट, तीन देश.

सुरुवात इथल्या विभागीय कार्यालयातून. डॅशबोर्ड सांभाळणारा मुलगा मराठीच आहे, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्याला विचारलं, “अरे, चौकोन हिरवा करायला नेमकं काय लागतं?”

“काहीतरी पुरावा जोडायचा सर. फोटो, पीडीएफ, काहीही. आणि क्लोज दाबायचं.”

“पुरावा बघतं कोण?”

“सिस्टीम बघते, जोडलाय की नाही ते.”

“आणि आत काय आहे ते?”

तो जरा हसला. “सर, एकाने तर तुमच्या अलर्टचाच स्क्रीनशॉट जोडलाय.”

दुपारी आकड्यांची बैठक. अपघाताचा दर काढताना अमेरिकी पद्धतीत २,००,००० तास धरतात (१०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे). इतर अनेक ठिकाणी १०,००,००० तास धरतात. म्हणजे एकाचा ०.४ आणि दुसऱ्याचा २ हा एकच दर असू शकतो. आमच्या मागच्या तिमाहीच्या तक्त्यात असे दोन प्लांट शेजारीशेजारी होते. एकाला शाबासकीचं पत्र गेलं होतं, दुसऱ्याकडून खुलासा मागवला होता. अपघात म्हणायचं कशाला, हा आणखी वेगळा घोळ. युरोपच्या एकत्रित आकडेवारीत तीन दिवसांहून जास्त काम बुडालं तर. ब्रिटनमध्ये सरकारला कळवायचं ते सात दिवसांहून जास्त बुडालं तर. भारताच्या १९४८च्या कारखाने कायद्यात हीच मर्यादा ४८ तासांची होती. पायाला लचकलेला तोच माणूस एका देशात आकडा होतो, दुसऱ्या देशात होत नाही. हे सगळं एकाच रकान्यात बसवून आम्ही त्याखाली ‘जागतिक सरासरी’ असं लिहितो. दोन दशांश स्थळांपर्यंत.

संध्याकाळी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या इमारतीपर्यंत चालत गेलो. संघटना १९१९ची, सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे असं तिने ठरवलं ते जून २०२२ मध्ये. तिच्याच अंदाजानुसार कामापायी वर्षाला सुमारे २९ लाख ३० हजार माणसं मरतात. त्यात अपघाताने ३ लाख ३० हजार, बाकीचे २६ लाख आजारांनी. आमच्या डॅशबोर्डवर अपघातांसाठी नऊ रकाने आहेत. आजारांसाठी एक, तोही बहुतेक वेळा रिकामा.

दिवस दुसरा, शुक्रवार : रेल्वेत

जिनिव्हा ते मिलान. खिडकीबाहेर बराच वेळ सरोवर, मग डोंगर, मग सिंप्लॉनचा बोगदा. माझं लक्ष मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये होतं. तिन्ही प्लांटचे मागच्या वर्षीचे ऑडिट रिपोर्ट वाचत होतो. तिन्ही चौदा पानी. त्यातल्या दोघांत ‘आपत्कालीन’ या अर्थाच्या शब्दाचं स्पेलिंग एकाच जागी एकाच प्रकारे चुकलेलं.

कंपनीची नियमपुस्तिकाही पुन्हा चाळली. मोठ्या कंपनीत एक सोपं सूत्र असतं: स्थानिक कायदा आणि कंपनीचा नियम, दोन्हींत जो कडक तो पाळायचा. आवाजाचंच घ्या. आठ तासांच्या पाळीसाठी अमेरिकेत कायदेशीर मर्यादा ९० डेसिबल, युरोपात ८५ला कानांचं संरक्षण सक्तीचं आणि कानापर्यंत पोचणारा आवाज ८७च्या वर जाताच कामा नये. आम्ही सगळीकडे ८५ धरतो. हे जमतं, कारण डेसिबल मोजता येतात. कोंडलेली ऊर्जा सोडल्याशिवाय मशिनला हात लावू नये, हे अमेरिकेच्या लॉकआउट नियमात (दुरुस्तीआधी मशिन कुलूप घालून बंद ठेवण्याचा नियम) १९८९ पासून लिहिलेलं आहे. आमच्या पुस्तिकेतही आहे. माझा अलर्ट नवं काहीच सांगत नव्हता, हे रेल्वेत बसल्यावर कळलं. जरा खट्टू झालो.

दिवस तिसरा, शनिवार : सेवेसो

सुट्टीचा दिवस मुद्दाम इथे घातला. मिलानच्या उत्तरेला, लोकलने जाता येतं. ‘बॉस्को देल्ले क्वेर्चे’, म्हणजे ओकचं रान. धावणारी माणसं, सायकली, बाक. पायाखाली दोन मोठे सीलबंद हौद आहेत. त्यांत १९७६ मधली वरची माती आणि पाडलेल्या घरांचे अवशेष पुरलेत. हे माहीत नसेल तर छान बाग आहे.

१० जुलै १९७६, तोही शनिवारच. शेजारच्या मेडा गावात इक्मेसा कंपनीचा कारखाना होता. सुट्टीत प्लांट बंद ठेवायचा नियम, म्हणून सकाळी ट्रायक्लोरोफेनॉल या रसायनाची बॅच अर्ध्यातच थांबवली. रोजच्या पद्धतीत द्रावक बराचसा उडवून मग पाणी घालून रिॲक्टर थंड करत. त्या दिवशी द्रावक थोडाच उडवला होता, पाणी घातलंच नाही. स्टीम बंद केली, ढवळणी बंद केली, माणसं घरी गेली. आतला द्रव १५८ अंशांवर होता.

मी या घटनेवर किमान पन्नासदा प्रशिक्षण दिलं असेल. पण त्या बाकावर बसून पहिल्यांदाच ती आमच्या पुशरसारखी दिसली. रिॲक्टरला मिळणारी स्टीम टर्बाइनमधून येत होती. शनिवारी कारखान्याचे इतर विभाग थांबत गेले, टर्बाइनवरचा भार घटला आणि स्टीमचं तापमान चढून ३०० अंशांच्या आसपास गेलं. स्टीम तोडली, पण रिॲक्टरची भिंत तेवढी तापून बसली होती. ढवळणी थांबल्यामुळे ती उष्णता वरच्या पातळ थरातच साचली आणि तिथून प्रक्रिया पेटली. साडेसहा तासांनी, दुपारी १२:३७ला रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटणारी सुरक्षा चकती) फुटली. तिच्यापुढे कुठली टाकी नव्हती, नळी सरळ आकाशात. त्या ढगात डायॉक्सिन हे जहाल विष होतं. रजिस्टरमध्ये रिॲक्टर बंद होता.

माणसं हलवायला सुरुवात झाली ती सोळा दिवसांनी. सातशेहून अधिक लोकांनी घरं सोडली, क्लोरॅक्ने या त्वचारोगाचे १९३ रुग्ण नोंदले गेले, त्यात बहुतेक लहान मुलं. त्या दिवशी माणूस एकही मेला नाही. ससे आणि कोंबड्या मेल्या. गावाचं नाव मात्र युरोपच्या कायद्याला चिकटलं. सेवेसो निर्देश १९८२चा, दुसरा १९९६चा, तिसरा २०१२चा. गावकऱ्यांना हे आवडत नसणार. मला तरी आवडलं नसतं.

दिवस चौथा, रविवार

काही केलं नाही. पाय दुखत होते.

दिवस पाचवा, सोमवार : पहिला प्लांट

गेटवर इंडक्शनचा व्हिडिओ, हेल्मेट, गॉगल, इअरप्लग. आत शिरलो तर ताज्या रंगाचा वास. चालायच्या वाटेचे पिवळे पट्टे अजून ओले होते. माझ्या सेफ्टी शूजना रंग लागला आणि दिवसभर मी जिथे गेलो तिथे पिवळे ठसे उमटत राहिले.

पाहुणा येणार म्हटलं की असं होतंच. २० एप्रिल २०१०ला मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी भेटीला आले होते. कामावर गैरहजर राहावं लागेल असा एकही अपघात न होता सात वर्षं गेली, याचं कौतुकही होणार होतं. घसरणं, पडणं, हार्नेस याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्याच रात्री विहीर उसळली आणि ११ जण मेले. पाहुणे वाचले. मी गेली दहा वर्षं दर भेटीआधी स्वतःला याची आठवण करून देतो, तरी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवलाय का हेच आधी बघतो. सवय.

प्लांट मॅनेजरने पुरावा उघडून दाखवला. टूलबॉक्स टॉकचा (कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीचा) कागद, खाली ४३ सह्या. पोस्टरचा फोटो. वर्षभरात नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, किती? शून्य. तो अभिमानाने म्हणाला. मला या शून्याची भीती वाटते. २१० माणसं, तीन पाळ्या, आणि वर्षभरात कुणाचा पाय घसरला नाही, कुणाच्या हातून पाना पडला नाही?

“मला लाइन दाखवा,” म्हटलं, “आणि फिटर.”

फिटर पन्नाशी ओलांडलेला, हातावर तेलाचे जुने डाग. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. एक तरुण इंजिनिअर दुभाषा झाला. फिटरने स्विच ऑफ केला, कुलूप घातलं, टॅग लावला, स्टार्ट दाबून पाहिलं. सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे. मी हवेच्या गेजकडे बोट केलं. काटा ६ बारवर.

“हवा कुठून बंद करता?”

त्याने वर दाखवलं. मशिनच्या मागे, हात उंचावूनही पोचणार नाही अशा जागी एक जुना बॉल व्हॉल्व्ह. कुलूप घालायला भोक नाही आणि हँडलही काढून ठेवलेलं.

“मग गोणी अडकली तर हात घालता?”

“नाही.”

“मग?”

तो पॅनेलच्या मागे गेला आणि एक काठी घेऊन आला. झाडूची तुटकी काठी असावी, हाताएवढी लांब, धरायच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. काही न बोलता त्याने ती गार्डमधून आत घातली आणि सेन्सरपाशी अडकलेली रिकामी गोणी टोकाने ढकलली. पुशर आला. काठीवर असा दणका बसला की दुभाषा दोन पावलं मागे सरला. फिटरचा हात तसूभरही हलला नाही. त्याने काठी बाहेर काढून माझ्या हातात दिली. लाकडावर आडव्या खाचा होत्या, काही जुन्या, घाण भरून काळ्या पडलेल्या, एक आत्ताची, पांढरी. मी मोजायला लागलो. सतरानंतर सोडून दिलं.

“आधी हिला विचारतो,” तो म्हणाला. “हिच्यावर दोनदा आपटला की हवा संपते. मग हात.”

“किती वर्षं आहे ही?”

“ही तिसरी.”

प्लांट मॅनेजर आयुष्यात पहिल्यांदाच ती काठी बघत होता. चार वर्षं तो इथे आहे. वाईट माणूस नाही. त्याला रोज सात रिपोर्ट भरायचे असतात, त्यांतले दोन मलाच. प्लांटचं नियर मिस रजिस्टर शून्यावर आणि इथे पॅनेलमागे लाकडावर कोरलेलं दुसरं रजिस्टर, वर्षानुवर्षं नीट भरलेलं. फिटरला विचारलं, हे कधी कुणाला सांगितलं का नाही? इंजिनिअरने विचारलं, ऐकलं, आणि उलटा अनुवाद करताना जरा चाचरला. “तो म्हणतो, सांगितलं असतं तर काठी काढून घेतली असती. काठी वापरणं नियमात बसत नाही.”

खरंच आहे. मीच ऑडिटमध्ये त्रुटी म्हणून लिहिलं असतं: ‘अनधिकृत साधन’.

मी काठी मागितली, मुख्य कार्यालयात दाखवायला. त्याने परत घेतली. व्हॉल्व्ह आला की घेऊन जा, म्हणाला.

दिवस सहावा, मंगळवार : मिलान ते बाझल

गाडी गोट्टहार्डच्या नव्या बोगद्यातून जाते. ५७ किलोमीटर, २०१६ साली खुला झाला. वीसेक मिनिटं काळोख. बांधताना नऊ माणसं गेली. वरचा जुना बोगदा १५ किलोमीटरचा, १८८२चा. तिथे सुमारे २०० गेले असं म्हणतात. पण तो आकडा मुख्यतः स्फोट, दरड, गाड्या यांचा. त्या बोगद्यातले कामगार पांढरेफटक पडत, धाप लागून झोपत. आत संडास नव्हते, उष्ण दमट हवा, पायात चिखल, आतड्यात हुकवर्म जंत. तुरीनच्या पेरोनचितो या शास्त्रज्ञाने १८८० मध्ये हे दाखवून दिलं. त्यांतले कितीतरी गावी परतले आणि तिथे खंगत गेले. गावी खंगणाऱ्याला बोगद्याच्या यादीत कोण लिहिणार? जिनिव्हातला तो रिकामा रकाना आठवला. आमच्याकडेही पंधरा वर्षं धूळ खाल्लेला माणूस निवृत्त होऊन गेला की त्याची फुप्फुसं आमच्या डॅशबोर्डवरून जातात.

याच दोन टोकांमधली आणखी एक कथा आहे. सेवेसोच्या त्या रिॲक्टरमधला विषारी गाळ ४१ ड्रममध्ये भरून सप्टेंबर १९८२ मध्ये बाहेर पाठवला गेला. विल्हेवाट योग्य ठिकाणी लागली, असं नोटरीने शपथेवर लिहूनही दिलं. मे १९८३ मध्ये ते ड्रम उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात, बंद पडलेल्या खाटीकखान्यात सापडले. शेवटी १९८५ मध्ये ते जाळले ते इथे, बाझलला. पुढे धोकादायक कचरा देशाबाहेर पाठवण्यावरचा १९८९चा करार झाला, तोही बाझलच्याच नावाचा. त्या नोटरीच्या कागदाचा रंग डॅशबोर्डवर हिरवाच दिसला असता.

दिवस सातवा, बुधवार : दुसरा प्लांट, ऱ्हाइनचा फ्रेंच काठ

इथे मला धक्का बसला, चांगला. लाइनवर लाल रंगाचा डम्प व्हॉल्व्ह, कुलपासकट. फिरवला की हवा फुस्सकन बाहेर आणि काटा शून्यावर. कधी बसवला? चौदा महिन्यांपूर्वी! माझ्या अलर्टच्या वर्षभर आधी.

झालं होतं असं. एका ऑपरेटरच्या मनगटाला पुशर चाटून गेला. तिने मशिन थांबवलं आणि सरळ सांगितलं, हे नीट होईपर्यंत मी इथे उभी राहणार नाही. फ्रान्समध्ये १९८२च्या कायद्याने कामगाराला हा हक्क आहे: जिवाला गंभीर आणि लगेचचा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर त्या जागेवरून बाजूला व्हायचं, पगार कापता येत नाही. श्रम संघटनेच्या १९८१च्या १५५ क्रमांकाच्या करारातही असं संरक्षण आहे. दोन पाळ्या लाइन उभी. कामगार प्रतिनिधींची समिती बसली, व्हॉल्व्ह आला, आणि इथल्या कायद्याप्रमाणे धोक्यांच्या दस्तऐवजात नोंद झाली. पान २७, फ्रेंचमध्ये.

“आम्हाला का कळवलं नाही?” मी विचारलं.

सेफ्टी ऑफिसर बाई शांतपणे म्हणाल्या, “कुठे कळवायचं? तुमच्या सिस्टीममध्ये वरून खाली अलर्ट येतो. खालून वर फक्त अपघात जातो. तिला अपघात कुठे झाला होता?”

आणि या प्लांटच्या हिरव्या चौकोनात शेरा काय होता? ‘लागू नाही’. आधीच केलंय, या अर्थाने त्यांनी लिहिलेलं. आमच्याकडे अर्थ घेतला गेला की इथे तसलं मशिनच नाही. पान २७ वेळेवर दुसऱ्या भाषेत गेलं असतं तर दोन बोटं शाबूत राहिली असती. हा दोष त्या बाईंच्या माथी मारता येत नाही. ती सिस्टीम आम्ही बनवली.

मी इतका खुश होतो की दुपारची फेरी रद्दच करणार होतो. बरं झालं केली नाही. गोदामामागे पावसाच्या पाण्याचं गटार आहे, ते कालव्यातून ऱ्हाइनला मिळतं. आग लागली तर गटाराचा गेट व्हॉल्व्ह बंद करून फवाऱ्याचं पाणी हौदात वळवायचं. हा धडा इथून हाकेच्या अंतरावरचा आहे. १ नोव्हेंबर १९८६ला बाझलजवळ श्वाइत्सरहाले इथे सँडोझच्या गोदामाला आग लागली. आत १,३५१ टन शेतीची रसायनं. अग्निशामक दलाने आग विझवली, आणि विझवलेलं हजारो घनमीटर पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं. रंगद्रव्यामुळे नदी लाल झाली, दीड लाखाच्या आसपास ईल मासे मेले. आगीपासून माणसं वाचवताना जे बरोबर केलं त्यानेच नदी मेली. आमच्या खात्याच्या नावात पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा हे तीन शब्द शेजारी शेजारी बसलेत, पण ते एकमेकांच्या पायावर पाय देतात ते असे.

चेकलिस्टवर होतं: ‘शट-ऑफ व्हॉल्व्ह उपलब्ध: होय’. मी म्हटलं, बंद करून दाखवा. चाक हलेना. दुसरा माणूस आला. मग चाकात लोखंडी पाइप अडकवला. गंजाचे पोपडे खाली पडत होते. पूर्ण बंद व्हायला नऊ मिनिटं लागली, आणि पुन्हा उघडायला अकरा. सेफ्टी ऑफिसर बाई काही बोलल्या नाहीत. वहीत वेळ लिहून घेतली फक्त.

दिवस आठवा, गुरुवार : लुडविग्सहाफेनजवळ, तिसरा प्लांट

वाटेत बीएएसएफचा कारखाना लागतो, सुमारे दहा चौरस किलोमीटर, संपता संपत नाही. त्याच्या उत्तरेला ओपाऊ. तिथे १९२१ मध्ये अमोनियम सल्फेट-नायट्रेट खताचे सुमारे ४,५०० टन एका सायलोत होते. खत दगडासारखं घट्ट होई, म्हणून सुरुंगाच्या छोट्या बारांनी ते फोडून काढत. असे वीस हजारांच्या आसपास बार आधी झाले होते आणि काही झालं नव्हतं. २१ सप्टेंबरच्या सकाळी झालं. पाचशेहून जास्त माणसं मेली; जिथे सायलो होता तिथे १९ मीटर खोल खड्डा. ‘आम्ही कायम असंच करतो’ हे वाक्य मी कुठल्याही प्लांटमध्ये ऐकलं की मला ते वीस हजार बार आठवतात.

आमच्या प्लांटमध्ये हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. सगळं चोख. प्रत्येक लाइनवर कुलुपाचा डम्प व्हॉल्व्ह, गार्ड उघडला की आपोआप हवा सोडणारा इंटरलॉक, भिंतीवर २४ लाल कुलपं, प्रत्येकावर नाव आणि फोटो. कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा या देशात १८८४चा आहे. विमा महामंडळाचा माणूस येऊन प्लांट तपासतो. तीन वाजता मी वही मिटली.

रात्री झोप येईना. दीड वाजता उठून प्लांटवर परत गेलो. गेटवाल्याला आश्चर्य वाटलं.

दोन वाजता लाइन ४वर साफसफाई चालू होती. ठेकेदाराची तीन माणसं, गार्ड काढलेला, एकजण कंबरेपर्यंत आत वाकून पाण्याचा जेट मारत होता. गार्डवरच्या इंटरलॉकची चावी स्वतंत्र दोरीला बांधून सॉकेटमध्ये बसवलेली, म्हणजे मशिनच्या लेखी गार्ड लागलेलाच. कुठे कुलूप नाही. खुणेने थांबवलं. त्यांच्यातल्या एकाला तोडकं इंग्रजी येत होतं.

“तुमचं कुलूप?”

“आम्हाला नाही देत. कंपनीच्या लोकांना.”

“मग मशिन बंद आहे हे कसं कळतं?”

“शिफ्टवाला सांगतो. फोनवर.” त्याने फोन दाखवला. शेवटचा मेसेज रात्री ११:१०चा, जर्मनमध्ये, दोन शब्द. बंद केलंय.

मधल्या वेळेत पाळी बदलून गेली होती. नव्या शिफ्ट लीडरला लाइन ४वर कुणी आहे हेच ठाऊक नव्हतं. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर असंच झालं. पंपाचं काम अर्धवट आहे हा कागद रात्रपाळीच्या हाती पडला नाही, पंप चालू केला गेला आणि १६७ माणसं गेली. मी काम थांबवलं. शिफ्ट लीडर चिडला, लाइन पहाटे चार वाजता सुरू व्हायची होती. मीही आवाज चढवला, जे माझ्या वयाला शोभत नाही. चाळीस मिनिटं गेली. शेवटी त्याने स्वतःचं कुलूप घातलं आणि आणखी तीन कुलपं शोधून आणली. त्यांवर फोटो नव्हते.

सकाळी हिशेब पाहिला. ठेकेदाराचे तास या प्लांटच्या अपघाताच्या दरात धरलेलेच नाहीत.

दिवस नववा, शुक्रवार : परत

विमानतळावर बसून मी ते बटण दाबलं ज्याचा अधिकार मला आहे आणि जे मी कधी वापरलं नव्हतं. ६१ चौकोन लाल.

सात मिनिटांत साहेबांचा फोन. “अहो, हे काय करून ठेवलंत? सोमवारी बोर्डापुढे स्लाइड आहे.”

“स्लाइड खरी होती का, साहेब?”

“ते मी विचारलं नाही तुम्हाला.” मग बराच वेळ शांतता. “किती दिवस लागतील?”

“काठीवाल्या प्लांटला सहा आठवडे. बाकीच्यांचं बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“काठीवाला म्हणजे?”

मी सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. स्लाइड काढतो असं काही म्हणाले नाहीत, बदलतो म्हणाले.

जिनिव्हाहून त्या मुलाचा मेसेज आला: सर, आता पुरावा म्हणून काय मागू? मी लिहिलं, कुलूप घातल्यावर हवेचा काटा शून्यावर येतानाचा व्हिडिओ, रात्रपाळीचा, आणि कुलूप घालणारा ठेकेदाराचा असला तर उत्तम. त्याने अंगठा पाठवला. पाठोपाठ: सर, एक हिरवा झालासुद्धा.

पहिलाच प्लांट. जोडलेला फोटो उघडला. पॅनेलशेजारी भिंतीवर दोन नवे हुक, त्यांवर आडवी ठेवलेली काठी, पिवळ्या रंगाने रंगवलेली, खाली छापील पाटी: ‘अधिकृत साधन. परवानगीशिवाय हलवू नये’. फोटो मोठा केला. काठी नवी कोरी होती, एकही खाच नाही.

चौकोन परत लाल केला. जुनी काठी कुठे गेली ते विचारायला फोन लावला, तर तिकडची शिफ्ट सुटली होती.